आबा कोणाशी बोलले

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. या ग्रुपवर दीड-दोन वर्षं आहे, सगळ्यांचे अनुभव वाचते, काही वाचताना हसूही येतं – राग मानू नका. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेय. स्लाइडवर दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, एवढंच मला येतं.

पण परवा इथे कोणीतरी विचारलं की अंबरनाथ-बदलापूरकडे एका दिवसात बघून होतील अशी जुनी देवळं कोणती. खाली लोकांनी भराभर नावं दिली... अंबरनाथचं शिवमंदिर, कोंडेश्वर, मुळगावचा खंडोबा. मीही लिहायला घेतलं आणि दोन ओळींनंतर थांबले. त्यातल्या पहिल्या दोन जागांबद्दल मला जे माहीत आहे ते ‘कसे जाल, काय पाहाल’मध्ये बसणारं नाही. म्हणून हे वेगळं लिहितेय.

आम्ही उल्हासनगर कॅम्प चारला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, आबा. मी लग्न केलं नाही, आई सात वर्षांपूर्वी गेली. आबा पाथरवट. जन्मभर काळा दगड फोडला आणि घडवला. आधी पाटे-वरवंटे आणि उखळं, मग मिक्सर घरोघरी आल्यावर उंबरे, तुळशीवृंदावनं, कधी एखादा नंदी. हातोडी आणि टाकी – टाकी म्हणजे दगड कोरायची छिन्नी – एवढ्यावर त्यांनी मला शिकवलं.

लहानपणी रविवारी ते मला शिवमंदिरात घेऊन जायचे. दर्शनाला नाही. पिंडीसमोर ते हात जोडायचे, पण उरकल्यासारखे. मग बाहेर येऊन भिंतीपाशी उभे राहायचे आणि मला दाखवायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते – जवळजवळ हजार वर्षांचं देऊळ आहे, सबंध काळ्या दगडाचं, आणि बाहेरच्या भिंतीला हातभर जागा कोरी नाही. भिंत सरळ जातच नाही, कोन घेत घेत वळते. गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर छताच्या जागी आकाश. आबा म्हणायचे, हा हात वेगळा आणि तो हात वेगळा, दोघांच्या टाक्या वेगळ्या. तळाशी हत्तींची रांग आहे. त्यातल्या एका हत्तीवर ते हसायचे. म्हणायचे, हा नवशिक्याचा आहे, पोरानं सोंड आधी कोरली आणि मग अंगाला जागाच उरली नाही.

हे सगळं बोलणारा माणूस तीन वर्षांपूर्वी मुका झाला.

पक्षाघात होता. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू थोडा परत आला, काठी टेकत फरपटत चालू लागले. हात मात्र आला नाही, मांडीवर ठेवलेला राहतो. आणि वाचा गेली. अफेझिया म्हणतात. समजतं सगळं, पण शब्द निघत नाहीत. ‘हां’ आणि ‘ते... ते...’ एवढंच. वर्षभर स्पीच थेरपी केली. शेवटी थेरपिस्ट मुलीनेच मला बाजूला घेऊन सांगितलं की आता यापुढे फार अपेक्षा ठेवू नका. मी ठेवली नाही. खोटं कशाला बोलू, ठेवली. रोज सकाळी चहा देताना वाटायचं की आज म्हणतील, वनिता, साखर कमी झाली.

शेजारच्या सिंधी आंटी मला सारख्या सांगायच्या, “बेटा, बाबूजी को बाहर ले जाया करो. चार दीवारों में आदमी और चुप हो जाता है.” तर थंडी सरत आली तशी एका बुधवारी मी हाफ डे टाकला आणि आबांना रिक्षात बसवून शिवमंदिरात नेलं. सोमवार टाळला, गर्दी असते. दुपारचे अडीच वाजले असतील.

आवार जवळजवळ रिकामं होतं. वालधुनी नदीच्या बाजूने केमिकलचा तो नेहमीचा वास येत होता. मी आबांना दक्षिणेकडच्या भिंतीपाशी, सावलीत, एका सपाट दगडावर टेकवलं. भिंत अगदी हाताच्या अंतरावर. त्यांनी डावा हात लांब करून दगडाला लावला आणि तसाच ठेवला. मला बरं वाटलं.

तेवढ्यात फोन आला. आमच्या रिक्षावाल्याचा. आबांच्या औषधांची आणि डायपरची पिशवी मागच्या सीटवर राहिली होती, आणि तो तोवर स्टेशनला पोचला होता. दुसरं भाडं मिळालंय, मॅडम तुम्हीच या, म्हणाला. आबांना पुन्हा उठवून नेणं म्हणजे अर्धा तास. मी इकडेतिकडे बघितलं. थोड्या अंतरावर, गवताच्या कडेला एक बाई स्केचबुक घेऊन बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, सुती साडी, डोक्याला रुमाल. मी त्यांना विचारलं, जरा यांच्याकडे लक्ष ठेवाल का, बोलता येत नाही त्यांना... खरं तर हे शेवटचं मी म्हटलं की नाही, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. घाईत होते. त्या म्हणाल्या, जा निवांत, मी संध्याकाळपर्यंत आहे.

परत यायला पाऊण तास लागला. आबा तिथेच बसलेले, हात भिंतीवर. एकटेच. डोळे ओले होते, पण ऊन-वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांना पाणी येतं, म्हणून मी काही विचारलं नाही. बाईंचे आभार मानायला गेले, तर त्या हसून म्हणाल्या, “तुमचे वडील किती छान बोलतात हो. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण मूर्तीकडे असं बघायला मला कोणी सांगितलं नव्हतं.”

मला वाटलं, त्या दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, “त्यांना बोलता येत नाही.”

त्या हसायच्या थांबल्या.

“अहो, अर्धा तास बोलत होते. माझ्याशी नाही, त्या दुसऱ्या गृहस्थांशी. गेले वाटतं ते.”

कोण दुसरे, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी स्केचबुक माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीचं चित्र होतं. भिंत, तिचे कोन, खाली दगडावर आबा – काठी, खांदा एका बाजूला झुकलेला, हुबेहूब. आणि त्यांच्या पायाशी, जमिनीवर उकिडवा बसलेला एक माणूस. पाठ आपल्याकडे, तोंड भिंतीकडे. उघडं अंग, डोक्याला गुंडाळलेलं फडकं. उजव्या हातात काहीतरी आखूड, जड.

“त्याचा चेहरा काही मिळाला नाही,” त्या म्हणाल्या. “एकदाही वळला नाही. हातात हातोडी होती, म्हणून मला वाटलं डागडुजीचं काम चाललंय. वयाने तिशीचा असेल, दंडावरून वाटलं. पण गंमत म्हणजे काका त्याला अहो-जाहो करत होते.”

चित्राच्या समासात त्यांनी काही ओळी लिहिल्या होत्या. कलेच्या शिक्षिका, ऐकलेलं आवडलं म्हणून टिपून ठेवलेलं. त्यातली एक ओळ मी तीनदा वाचली. ‘हा हत्ती नवशिक्याचा. सोंड आधी कोरली, अंगाला जागा उरली नाही.’

भीती वाटली नाही. आधी काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते – राग आला. दोन वर्षं मी या माणसाच्या एका शब्दासाठी थांबले होते, आणि त्याने अर्धा तास कोणा परक्याला दिला.

मी गेटवरच्या रखवालदाराकडे गेले. तो म्हणाला, आज काही काम नाही, आणि हत्यार घेऊन कोणाला आत सोडतच नाही, नोकरी जाईल माझी. उघड्या अंगाचा माणूस त्याने पाहिला नव्हता. त्या बाजूला कॅमेराही नाही. परत येऊन मी आबांसमोर बसले आणि म्हटलं, आबा, कोणाशी बोललात? ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. “ते... ते...” आणि मग नेहमीसारखं डोकं हलवून थांबले.

बाईंचं नाव कुमुदताई. बदलापूरला मुलाकडे आल्या होत्या आणि आसपासची जुनी देवळं एकेक करून चित्रात उतरवत होत्या. आम्ही नंबर घेतले. निघताना त्यांनी ते चित्र आबांना दाखवलं. आबांनी डाव्या हाताने वही ओढून घेतली, त्या पाठमोऱ्या माणसावर बोट ठेवलं, आणि वही कपाळाला लावली. माझे वडील पिंडीसमोरही असं करत नाहीत.

घरी आल्यावर मी ठरवलं की यात काही नाही. बाईंचं वय झालंय, दुसरा कोणी म्हातारा बोलत असेल, त्यांनी सरमिसळ केली. हत्तीचं काय, तो तर कोणालाही दिसतो. आबांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. ते म्हणाले, असे पेशंट कधी शिवी देतात, कधी आरती म्हणतात, गाणं म्हणतात, ते मेंदूच्या वेगळ्या भागातून येतं. पण अर्धा तास सलग संभाषण? नाही, म्हणाले. काहीतरी गैरसमज आहे.

शुक्रवारी संध्याकाळी कुमुदताईंचा फोन आला. आवाज जड होता.

“अगं वनिता, एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही. खासगी होती. तुला माहीत असेल असं समजून गप्प बसले होते. पण दोन दिवस मला झोप लागेना. तुला मोठी बहीण होती का?”

मी म्हटलं, नाही. मी एकुलती एक.

त्या म्हणाल्या, मी त्यांचे शब्द जसे आठवतात तसे सांगते, आणि सांगितले. मी ते लगेच समोर पडलेल्या आबांच्या रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर लिहून घेतले, म्हणून मला शब्द न शब्द देता येतो:

“माझी थोरली कोंडेश्वराच्या वाटेला आहे. भोजच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला, उंबराखाली. तिच्या दगडावर पावलं काढली होती मी. आता झिजली असतील. धाकटीला ठाऊक नाही. तिच्या आईनं शपथ घातली होती मला. आता आई राहिली नाही, आणि मला जीभ राहिली नाही.”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आबा बाहेर टीव्हीसमोर होते. मग मी वांगणीला आत्याला फोन लावला. आबांची धाकटी बहीण, सत्तरीची, भातशेती करते, एरवी एक प्रश्न विचारला की दहा उत्तरं देते. मी सरळ विचारलं, आत्या, माझ्या आधी आईला मुलगी झाली होती का?

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि कोंबड्यांचा आवाज बंद झाला.

“तुला कोनी सांगितलं गं?” ती हळूच म्हणाली. “दादाला तर बोलताच येत न्हाय.”

तिचं नाव चंदा. अडीच वर्षांची होऊन गेली, तापाने. तेव्हा आबा भोजच्या बाजूला एका खदानीवर कामाला होते आणि तिथेच झोपडी घालून राहत होते. पावसाचे दिवस, ओढ्याला पाणी, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. लहान मूल म्हणून पुरलं. कुठे ते आत्यालाही माहीत नव्हतं, ती तेव्हा सासरी होती. आई त्यानंतर त्या बाजूला कधी गेली नाही. मी पोटात राहिले तेव्हा तिने आबांना आणि आत्याला सांगितलं की या पोरीच्या कानावर ते नाव पडता कामा नये. पडलं नाही. चव्वेचाळीस वर्षं पडलं नाही.

मी आबांजवळ जाऊन बसले. टीव्ही बंद केला. फक्त “चंदा” म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात जमिनीपासून वर धरला... एवढीशी, असा. मग तोच हात तोंडावर घेतला.

रविवारी आम्ही गेलो. बदलापूरहून कुमुदताईही आल्या, मीच बोलावलं. कोंडेश्वर म्हणजे तुमच्यातल्या पुष्कळांना पावसाळ्यातली गर्दी आणि धबधबा आठवेल. थंडीत तिथे कोणी नसतं. जुनं शंकराचं देऊळ, आजूबाजूला पडलेले कोरीव दगड, खाली कातळातली खोल कुंडं. सकाळचे अकरा वाजले होते. रिक्षा हळू चालवायला सांगितली होती. भोज मागे पडलं की काय असं वाटत असताना आबांनी काठी रिक्षाच्या पत्र्यावर आपटली.

रस्त्यापासून ओढा शंभर पावलं असेल. आबांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. उंबर होता, मोठा, मुळं ओढ्यात उतरलेली. मुळांमध्ये पाचोळा साठला होता. मी हातानेच बाजूला केला. खाली काळा दगड, पाटाएवढा, मातीत जवळजवळ बुडालेला. बाटलीतलं पाणी ओतून पुसला, तेव्हा बोटांना लागली... दोन खोलगट जागा, एकमेकींशेजारी. डोळ्यांना जेमतेम दिसत होती. दोन पावलं. दोन्ही मिळून माझ्या तळहातावर मावली. अंगठ्यांच्या जागी नुसते खळगे उरले होते.

मी रडले नाही. का कोण जाणे. एका माणसाला दोन दिवसांपूर्वीपर्यंत आपण ओळखत नव्हतो, आणि आता ती आपली मोठी बहीण आहे आणि आपल्यापेक्षा बेचाळीस वर्षांनी लहान आहे... याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. आबा मात्र शांत होते. डाव्या हाताने पाणी घातलं, दोन फुलं ठेवली. सवयीने मी दगडाचे चार फोटो काढले, मापासाठी शेजारी माझी पट्टी ठेवून. लॅबची सवय.

परतताना कोंडेश्वराच्या देवळात गेलो. कुमुदताईंनी वही काढली नाही. खाली कुंडाचं पाणी हिरवं, हलत नव्हतं.

इथपर्यंत मी स्वतःला समजावू शकते. तुम्ही कमेंटमध्ये लिहाल त्याआधी मीच लिहिते – आबांना त्या भिंतीजवळ बसल्यावर काहीतरी मोकळं झालं, मेंदू काय करेल सांगता येत नाही. मनाशी बोलले. कुमुदताईंनी ऐकलं. समोर कोणीतरी असल्याशिवाय माणूस बोलत नाही असं आपल्याला वाटतं, म्हणून त्यांच्या डोळ्यांनी समोर कोणीतरी बसवलं. मी हे उत्तर घेतलं होतं. दोन महिने ते पुरलं.

पुढच्या वेळी चंदाच्या दगडाशी गेलो तेव्हा कडक ऊन होतं. मी आणि आबा दोघंच. ओढा आटला होता. उंबराखाली मी वाकले आणि आधी मला वाटलं की आपण चुकीच्या झाडाखाली आलो.

पावलं दिसत होती. उभ्याने दिसत होती. दोन्ही पावलांची कड नवी, धारदार. दहाच्या दहा बोटं. काळा दगड नव्याने फोडला की आतून राखाडी-पांढरा निघतो, ऊन-पावसाने हळूहळू पुन्हा काळवंडतो. ही पावलं पांढरी होती. भोवतीच्या पाचोळ्यावर दगडाचा चुरा पडलेला, पिठासारखा. मी तो बोटावर घेऊन बघितला. फोनमधले जुने फोटो काढून शेजारी धरले. तोच दगड, डाव्या कोपऱ्याचा तोच टवका. पट्टी ठेवली, मापं तीच. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. झिजलेलं काम पुन्हा कोरताना कड थोडी बाहेरून घ्यावी लागते आणि माप वाढतंच, एवढं पाथरवटाच्या मुलीला कळतं. इथे ते वाढलेलं नव्हतं.

आबांचा उजवा हात चहाचा कप धरत नाही. आणि या जागेची खबर आम्हा तिघांखेरीज कोणालाही नव्हती. आत्यालाही मी नेमकी जागा सांगितली नव्हती.

ओढ्यापलीकडे एक म्हातारी सरपण गोळा करत होती. वरच्या ठाकरवाडीतली. मी तिला हाक मारून विचारलं, इथे कोणी काम करत होतं का.

“दोन दिस टाकी वाजत व्हती की,” ती म्हणाली. “भर दुपारची. टक टक, टक टक. मला वाटलं तुमचंच मानूस हाय.”

बघितलं का तुम्ही त्याला?

“पाठ बघितली. मी आवाज दिला तर वळला न्हाई. कामाच्या मानसाला कशाला तरास द्यायचा, म्हून गेले मी.”

तिला कुमुदताईंच्या चित्राबद्दल कोणी सांगणार होतं?

मी वळले तेव्हा आबा दगडाजवळ कसेबसे खाली बसले होते. आपल्याला एकट्याने जमिनीवर बसता येत नाही हे ते विसरले होते. डावा अंगठा त्या नव्या कडेवरून फिरवत होते, एकेका बोटावरून, सावकाश. त्यांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. सांगितलेलं काम वेळेत झाल्यावर माणूस जसा बघतो, तसे बघत होते. मला तिथे थांबवेना. मी त्यांना उठवलं आणि रस्त्यापर्यंत मागे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी कुमुदताईंना फोन केला. त्या तोवर आपल्या गावी परत गेल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, थांब. एक वाक्य होतं शेवटचं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही म्हणून मी तुला सांगितलं नाही.

तो माणूस उठायला लागला तेव्हा आबा त्याला म्हणाले होते, “माझा हात गेलाय. तेवढं एक काम राहिलंय, तुम्ही करून द्या.” आणि त्याने मान हलवली होती.

आता याला वर्ष होत आलं. पावलं पुन्हा काळी पडायला लागलीत, तशी कुठलीही पडतील. तो चुरा मी एका स्लाइड-बॉक्समध्ये ठेवला होता, अजून आहे, मायक्रोस्कोपखाली साधा बेसाल्ट दिसतो. मी चार वेळा शिवमंदिरात जाऊन आले, दोनदा आबांना घेऊन, दोनदा एकटी, त्याच वेळी, त्याच भिंतीपाशी. कबुतरं, शाळेची सहल, सेल्फी काढणारी जोडपी. दुसरं काही नाही. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. बघण्यासारखंच आहे. घाईने गाभाऱ्यात उतरू नका, आधी बाहेरून एक फेरी मारा.

मला काय झालं ते कळलेलं नाही. कळलंय असं सांगणारे दोघंतिघं भेटले, त्यांचंही पटलं नाही.

हे लिहीत असताना आबा खिडकीशी बसलेत. तो कोण होता, हे जगात फक्त त्यांना माहीत आहे. सुरुवातीला मी सारखं विचारायचे. मी विचारलं की ते सांगायला बघतात – मान पुढे येते, ओठ हलतात, गळ्याच्या शिरा ताणतात, आणि शेवटी “ते... ते...” म्हणून माझ्याकडे असं बघतात, जणू चूक त्यांची आहे. म्हणून आता मी विचारत नाही.